स्वस्त लॅपटॉपमधील मेमरीचा वेग: मर्यादा कोण घालतो आणि का?

बाजारातून ‘डीडीआर४-३२००’ असे छापलेले मेमरी मॉड्यूल आणावे, ते लॅपटॉपमध्ये बसवावे, संगणक सुरळीत सुरूही व्हावा आणि पडद्यावर मेमरीचा वेग मात्र २४०० इतकाच दिसावा, असा अनुभव कमी किमतीचा लॅपटॉप वापरणाऱ्या अनेकांना येतो. दुकानदाराने बनावट माल दिला, ही पहिली शंका. बहुतेक वेळा ती चुकीची असते. मॉड्यूल खरे असते, त्यावर छापलेला वेगही खरा असतो. परंतु त्या वेगाने चालण्याची परवानगी लॅपटॉपने दिलेली नसते.

दिल्लीतील नेहरू प्लेस, मुंबईतील लॅमिंग्टन रोड, चेन्नईतील रिची स्ट्रीट किंवा बंगळुरूमधील एस. पी. रोड या बाजारपेठांत जुन्या लॅपटॉपची मेमरी वाढवून घेणे ही नेहमीची बाब आहे. नवा लॅपटॉप घेणे न परवडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि लहान व्यावसायिकांसाठी तो सर्वांत सोपा उपाय असतो. मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या संगणक केंद्रांची मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीपासून मेमरीच्या किमतींत मोठी वाढ झाली. मायक्रॉन या अमेरिकी कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रूशियल’ या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. अशा काळात, जो वेग लॅपटॉप कधीच वापरणार नाही त्याच्यासाठी जादा पैसे मोजणे पूर्वीपेक्षा अधिक महाग पडते.

छापलेल्या आकड्याचा अर्थ

‘डीडीआर’ प्रकारच्या मेमरीत घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहितीची देवाणघेवाण होते. त्यामुळे ‘३२००’ याचा अर्थ प्रत्येक तारेवरून सेकंदाला ३,२०० दशलक्ष वेळा होणारी देवाणघेवाण. घड्याळाची प्रत्यक्ष गती त्याच्या निम्मी, म्हणजे १६०० मेगाहर्टझ असते. सीपीयू-झेडसारखे तपासणी कार्यक्रम ही निम्मी संख्या दाखवतात. २४०० वेगाच्या मेमरीसमोर १२०० हा आकडा पाहून फसवणूक झाल्याचा समज करून घेणारे ग्राहक आजही आढळतात.

एका मॉड्यूलची रुंदी ६४ बिट, म्हणजे ८ बाईट असते. ३२०० ला ८ ने गुणले की सेकंदाला २५.६ गिगाबाईट ही कमाल वहनक्षमता मिळते. २४०० साठी ती १९.२ गिगाबाईट असते. मॉड्यूलवरील चिठ्ठीवर ‘पीसी४-२५६००’ किंवा ‘पीसी४-१९२००’ असे जे लिहिलेले असते, ते याच गणितातून आलेले आहे.

वहनक्षमता वाढली म्हणून मेमरीचे उत्तर त्याच प्रमाणात लवकर मिळू लागते, असे नाही. प्रमाणित ३२०० मॉड्यूल माहितीचा पहिला तुकडा देण्यासाठी घड्याळाचे २२ ठोके घेते, म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद. २४०० चे मॉड्यूल १७ ठोके घेते, ते साधारण १४.१७ नॅनोसेकंद भरतात. फरक अर्ध्या नॅनोसेकंदाहूनही कमी. रस्ता रुंद होतो, अंतर तेवढेच राहते. पत्रव्यवहार, लेखन, संकेतस्थळे पाहणे या कामांत वेगवान मेमरीचा फरक सहसा जाणवत नाही, त्याचे एक कारण हे आहे.

तिघांची संमती

मेमरी कोणत्या वेगाने चालेल, हे तीन घटक मिळून ठरवतात. पहिला घटक खुद्द मॉड्यूल. प्रत्येक मॉड्यूलवर एक छोटी चिप असते आणि तिच्यात त्या मॉड्यूलची क्षमता, वेग आणि ठोक्यांचे प्रमाण नोंदलेले असते. या नोंदीची पद्धत जेडेक या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने ठरवून दिली आहे. दुसरा घटक मेमरी कंट्रोलर, म्हणजे मेमरीशी बोलणारा परिपथ. तिसरा घटक बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू होताच सर्वप्रथम चालणारा आणि लॅपटॉप उत्पादकाने लिहिलेला किंवा लिहवून घेतलेला कार्यक्रम. बायोस मॉड्यूलवरील नोंद वाचतो, कंट्रोलरची मर्यादा पाहतो आणि दोघांना झेपेल असा वेग निश्चित करतो. तिघांत ज्याची मर्यादा सर्वांत कमी, त्याचा शब्द अखेरचा ठरतो.

पूर्वी मेमरी कंट्रोलर मदरबोर्डवरील वेगळ्या चिपमध्ये असे. एएमडी कंपनीने २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणि अ‍ॅथलॉन ६४ या प्रोसेसरांत तो प्रोसेसरच्या आत आणला. इंटेलने २००८ मध्ये नेहालेम या रचनेपासून तेच केले. तेव्हापासून मेमरीच्या वेगाची अधिकृत मर्यादा प्रोसेसरच्या माहितीपत्रकात नोंदलेली असते. लॅपटॉपच्या जाहिरातीत ती क्वचितच आढळते.

स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्रास वापरल्या गेलेल्या काही प्रोसेसरांच्या मर्यादा पाहण्यासारख्या आहेत. इंटेलच्या सेलेरॉन एन२८४० ची मर्यादा डीडीआर३एल-१३३३ होती. एन३०६० साठी ती १६०० झाली. सेलेरॉन एन४००० आणि त्यानंतर आलेला एन४०२० हे दोन्ही डीडीआर४-२४०० वर थांबतात. २०२१ मधील एन४५०० मालिकेला २९३३ पर्यंत मुभा मिळाली. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या एन१०० ला डीडीआर४-३२०० किंवा डीडीआर५-४८०० चालते, मात्र मेमरीकडे जाणारा मार्ग एकच आहे. एएमडीच्या बाजूस ए९-९४२५ हा प्रोसेसर २१३३ वेगाच्या एकाच मार्गावर चालत असे, तर रायझन ३ २२००यू, रायझन ५ ३५००यू आणि अ‍ॅथलॉन सिल्व्हर ३०५०यू यांची मर्यादा २४०० आहे. रायझन ५ ४५००यू आणि ५५००यू यांना ३२०० चालते.

नावावरून मात्र काही कळत नाही. २०१९-२० मध्ये ‘दहाव्या पिढीचा कोअर आय३’ या एकाच ओळखीने दोन निराळे प्रोसेसर लॅपटॉपमध्ये विकले गेले. त्यांतील आय३-१०११०यू ची मर्यादा डीडीआर४-२६६६ होती आणि आय३-१००५जी१ ची ३२००. दुकानातील फलकावर दोन्ही ठिकाणी ‘दहावी पिढी’ एवढेच लिहिलेले असे.

तांत्रिक कारणे

मर्यादा घालण्यामागे खरी तांत्रिक कारणे आहेत. सेकंदाला अब्जावधी वेळा बदलणारा विद्युतसंकेत मदरबोर्डवरील बारीक रेघांतून शुद्ध स्वरूपात पोहोचवणे सोपे नसते. रेघांची लांबी जुळवावी लागते आणि शेजारच्या रेघांचा परस्परांवर होणारा परिणाम रोखावा लागतो. मदरबोर्डला जितके थर अधिक, तितके हे काम सुकर आणि खर्चिक. कमी किमतीच्या लॅपटॉपमध्ये थर कमी ठेवले जातात. याखेरीज वाढत्या वेगाबरोबर विजेचा वापर वाढतो आणि पंखा नसलेल्या पातळ लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर टाकण्यास जागा नसते. प्रोसेसर कंपनी ज्या वेगाची हमी देते, त्या वेगावर तिने आपल्या चिपची चाचणी घेतलेली असते. त्यापुढील वेगाची जबाबदारी ती घेत नाही.

बाजाराचे गणित

परंतु सर्व मर्यादांचे समर्थन एवढ्यावर होत नाही. इंटेलने २०११ मध्ये आणलेल्या दुसऱ्या पिढीच्या लॅपटॉप प्रोसेसरांचे उदाहरण बोलके आहे. कोअर आय३-२३१०एम आणि आय५-२४१०एम यांना १३३३ पर्यंत परवानगी होती, हे एक वेळ समजण्यासारखे होते. मात्र चार गाभ्यांच्या कोअर आय७-२६३०क्यूएम लाही १३३३ आणि त्याच रचनेच्या, अधिक किमतीच्या आय७-२७२०क्यूएम ला १६०० अशी विभागणी होती. किंग्स्टन कंपनीने ‘हायपरएक्स प्लग अँड प्ले’ या नावाने जी लॅपटॉप मॉड्यूल विकली, त्यांत जास्तीचा वेग मॉड्यूलच्या सर्वसाधारण नोंदीतच लिहून ठेवला होता. बायोसने आडकाठी केली नाही, तर लॅपटॉप तो वेग आपोआप स्वीकारत असे. बायोसने आडकाठी केली, तर त्याच मॉड्यूलचा उपयोग साध्या मॉड्यूलइतकाच राहत असे.

मेजावरील संगणकांच्या बाबतीत हे गणित अधिक उघडपणे दिसले. २०२० मध्ये दहाव्या पिढीच्या कोअर आय५ प्रोसेसरसोबत बी४६० किंवा एच४१० हा स्वस्त चिपसेट घेतल्यास मेमरी २६६६ वर अडकत असे; झेड४९० हा महाग चिपसेट घेतल्यास तोच प्रोसेसर कितीतरी अधिक वेगाची मेमरी चालवीत असे. २०२१ मध्ये बी५६० या मधल्या चिपसेटवर इंटेलने ही बंदी उठवली. प्रतिस्पर्धी एएमडीचे स्वस्त चिपसेट अशी मुभा आधीपासून देत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या निर्णयामागील प्रेरणा शोधण्यास फार दूर जावे लागत नाही.

मेमरीच्या क्षमतेबाबतही असाच प्रकार दिसतो. एन१०० साठी इंटेलची अधिकृत कमाल मर्यादा १६ गिगाबाईट आहे; प्रत्यक्षात अनेक यंत्रांवर ३२ गिगाबाईटचे मॉड्यूल चालते. अर्थात ते चालले नाही, तर तक्रारीस वाव नसतो.

नेटबुकचा धडा

स्वस्त लॅपटॉप मुद्दाम मंद ठेवण्याचा इतिहास नेटबुकपासून सुरू होतो. २००७ मध्ये असूस कंपनीने आणलेला ईईई पीसी ७०१ हा छोटा संगणक जगभर गाजला. त्यात ९०० मेगाहर्टझचा सेलेरॉन एम प्रोसेसर होता, पण तो ६३० मेगाहर्टझ गतीनेच चालवला जात होता. त्यासाठी प्रोसेसर आणि मेमरी यांना जोडणाऱ्या मार्गाचे घड्याळ १०० ऐवजी ७० मेगाहर्टझवर ठेवले होते आणि त्याच घड्याळावर अवलंबून असलेली मेमरीही त्या प्रमाणात मंदावली होती. वापरकर्त्यांनी स्वतः मोजमाप केल्यावर ही गोष्ट चर्चेत आली.

त्यानंतर २००८ मध्ये इंटेलच्या अ‍ॅटम एन२७० प्रोसेसरवर आधारलेल्या नेटबुकची लाट आली. त्यांच्यासोबतचा ९४५जीएसई चिपसेट डीडीआर२-५३३ पुढे जात नसे आणि २ गिगाबाईटपेक्षा अधिक मेमरी ओळखत नसे. कारखान्यातून मात्र अनेक नेटबुकांत ६६७ वेगाचे मॉड्यूल येत असे, कारण बाजारात तेच मुबलक होते.

हा शेवटचा मुद्दा आजही तितकाच लागू आहे. मेमरी उत्पादक कमी वेगाची मॉड्यूल बनवणे हळूहळू थांबवतात. त्यामुळे २४०० ची मर्यादा असलेल्या लॅपटॉपमध्ये २६६६ किंवा ३२०० चे मॉड्यूल बसवलेले आढळते आणि माहितीपत्रकात ठळक अक्षरांत मॉड्यूलचा वेग छापला जातो. प्रत्यक्ष वेग प्रोसेसरवर अवलंबून राहील, ही सूचना तळटीपेत असते. काही वेळा तीही नसते. ‘३२०० पर्यंत’ या शब्दप्रयोगातील ‘पर्यंत’ हा सर्वांत महत्त्वाचा शब्द असतो आणि तोच सर्वांत बारीक अक्षरांत असतो.

वेगाहून मोठा प्रश्न

ग्राहकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची, पण जाहिरातीत क्वचित येणारी बाब म्हणजे मेमरीचे चॅनेल, अर्थात मेमरीपासून प्रोसेसरपर्यंत जाणारे स्वतंत्र मार्ग. बहुसंख्य लॅपटॉप प्रोसेसरांत असे दोन मार्ग असतात. किंमत कमी ठेवण्यासाठी उत्पादक एकच मॉड्यूल बसवतात आणि दुसरा मार्ग रिकामा राहतो. २४०० वेगाच्या एका मॉड्यूलची वहनक्षमता १९.२ गिगाबाईट, तशीच दोन मॉड्यूल लावली की ती ३८.४ गिगाबाईट होते. याउलट ते एक मॉड्यूल काढून ३२०० चे बसवले आणि लॅपटॉपने तो वेग स्वीकारला असे गृहीत धरले, तरी आकडा २५.६ वरच थांबतो. महाग मॉड्यूलपेक्षा साधे, जोडीचे दुसरे मॉड्यूल अधिक उपयोगी ठरते, हे या हिशेबातून दिसते.

स्वस्त लॅपटॉपमध्ये चित्र दाखवणाऱ्या परिपथाला स्वतःची वेगळी मेमरी नसते. तो प्रोसेसरसोबत हीच मेमरी वाटून घेतो. त्यामुळे खेळ, चित्रफितींचे संपादन किंवा मोठ्या पडद्यावरील काम यांत दुसऱ्या मार्गाचा परिणाम स्पष्ट दिसतो. इंटेलने तर ‘आयरिस एक्सई’ हे नाव लावण्यासाठी दोन्ही मार्ग भरलेले असण्याची अट घातली. त्यामुळे कोअर आय५-११३५जी७ असलेल्या लॅपटॉपमध्ये एकच डीडीआर४ मॉड्यूल असल्यास त्याच परिपथाचे नाव ‘यूएचडी ग्राफिक्स’ असे दिसते. ग्राहकाने आयरिस एक्सई समजून विकत घेतलेल्या लॅपटॉपवर दुसरेच नाव दिसण्याचे कारण अनेकदा एवढेच असते.

डीडीआर५ मुळे थोडा गोंधळ वाढला आहे. जुलै २०२० मध्ये जाहीर झालेल्या या मानकात एकाच मॉड्यूलमध्ये ३२ बिटचे दोन उपमार्ग असतात. काही तपासणी कार्यक्रम एक मॉड्यूल असतानाही दोन मार्ग दाखवतात. एकूण रुंदी ६४ बिटच असल्याने त्यास पूर्वीच्या अर्थाने दोन चॅनेल म्हणता येत नाही.

दुसरे मॉड्यूल घेताना काही पथ्ये पाळणे इष्ट ठरते. दोन मॉड्यूलांचे वेग वेगळे असल्यास दोन्ही संथ मॉड्यूलच्या वेगाने चालतात. काही लॅपटॉपमध्ये थोडी मेमरी मदरबोर्डवर पक्की जोडलेली असते आणि एक स्लॉट मोकळा असतो. तेथेही हाच नियम लागू होतो. डीडीआर३ च्या काळातील लॅपटॉपबाबत विशेष सावधगिरी आवश्यक आहे. डीडीआर३ आणि डीडीआर३एल ही दोन्ही मॉड्यूल २०४ पिनांच्या एकाच स्लॉटमध्ये बसतात, परंतु पहिल्याला १.५ व्होल्ट आणि दुसऱ्याला १.३५ व्होल्ट लागतात. एन२८४० सारख्या प्रोसेसरांना कमी व्होल्टचेच मॉड्यूल चालते. दुसरे बसते, पण लॅपटॉप सुरू होत नाही. वेगळ्या पिढीची मेमरी मात्र चुकूनही बसत नाही, कारण खाचेची जागा निराळी असते.

मर्यादा ओलांडता येते का?

मेजावरील संगणकांत बायोसमधून वाढीव वेग निवडण्याची सोय असते. इंटेलची एक्सएमपी ही पद्धत २००७ पासून आणि एएमडीची एक्सपो २०२२ पासून उपलब्ध आहे. स्वस्त लॅपटॉपच्या बायोसमध्ये मात्र हा पर्याय दिलेला नसतो. बदललेला बायोस चढवून तो उघडण्याचे प्रयोग हौशी मंडळी करतात. त्यात लॅपटॉप कायमचा निकामी होण्याचा धोका असतो आणि हमीही संपुष्टात येऊ शकते. मिळणारा लाभ पाहता सामान्य ग्राहकाने या मार्गाला न जाणे बरे.

अनेक पातळ लॅपटॉपमध्ये तर प्रश्नच उरत नाही. त्यांतील एलपीडीडीआर प्रकारची मेमरी मदरबोर्डवर पक्की जोडलेली असते. तिचा वेग बहुधा अधिक असतो. उदाहरणार्थ, कोअर आय५-१२३५यू ची अधिकृत मर्यादा डीडीआर४ साठी ३२००, तर एलपीडीडीआर५ साठी ५२०० आहे. परंतु खरेदीच्या दिवशी जेवढी मेमरी घेतली, तेवढ्यावरच लॅपटॉपचे संपूर्ण आयुष्य काढावे लागते. अशी मेमरी काढता-घालता यावी म्हणून जेडेकने डिसेंबर २०२३ मध्ये कॅम२ हे मानक प्रसिद्ध केले. त्याचा पहिला वापर मात्र महागड्या लॅपटॉपमध्ये झाला.

तपासणी आणि तक्रार

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून मेमरीच्या पानावर प्रत्यक्ष वेग, किती स्लॉट आहेत आणि त्यांतील किती भरलेले आहेत, हे पाहता येते. लिनक्सवरील डीएमआयडीकोड या आज्ञेत मॉड्यूलचा छापील वेग आणि बायोसने ठरवलेला वेग अशा दोन स्वतंत्र ओळी येतात. दोन्हींतील तफावत पाहिली की मर्यादा कोठे आहे, याचा अंदाज येतो. इंटेलच्या २०१५ नंतरच्या अनेक लॅपटॉप प्रोसेसरांत काम नसताना मेमरीचा वेग आपोआप खाली आणण्याची व्यवस्था आहे. त्यामुळे घड्याळाची त्या क्षणीची गती दाखवणाऱ्या कार्यक्रमात कमी आकडा दिसला, तर संगणकावर काही जड काम चालू करून पुन्हा पाहणे आवश्यक असते.

खरेदीपूर्वी प्रोसेसरचे पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरांसह, लिहून घ्यावे आणि प्रोसेसर कंपनीच्या संकेतस्थळावर त्याची मेमरीविषयक मर्यादा व चॅनेलची संख्या पाहावी. लॅपटॉपच्या देखभाल पुस्तिकेत स्लॉटची माहिती असते. दुकानदाराने सांगितलेला वेग बिलावर लिहून घेतल्यास पुढे उपयोग होतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणारी जाहिरातही या कायद्यानुसार दिशाभूल करणारी ठरते. मात्र तळटीपेत मर्यादा नमूद केलेली असेल, तर ती दडवली असे म्हणणे कठीण जाते. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात स्पष्टपणे लिहिलेला वेग मिळतच नसल्यास प्रथम विक्रेता व उत्पादक यांच्याकडे लेखी तक्रार करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानंतरही दाद न मिळाल्यास जिल्हा आयोगाकडे ई-जागृती या संकेतस्थळावरून तक्रार दाखल करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी त्यास शुल्क आकारले जात नाही.